रुसलेला स्क्रू

वस्तू जितकी लहान, तितके तिच्याकडे आपले दुर्लक्ष मोठे. दाराची कडी, छत्रीची काडी, घड्याळाची किल्ली यांची आठवण त्या मोडल्याखेरीज कोणास होत नाही. स्क्रूही त्याच जातीचा. गेल्या नोव्हेंबरापूर्वी कोणी विचारले असते, तर संगणकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणून आम्ही प्रोसेसरचे नाव बेधडक सांगितले असते. आज आमचे मत तितके ठाम राहिलेले नाही.

त्याचे असे झाले. आमच्या शाळेतील पाचही संगणक आता वयस्क झाले आहेत. त्यांवरील विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्या पुढची प्रणाली या यंत्रांना पेलणारी नव्हती. ती भंगारात जाणार असे वाटत असतानाच एका माजी विद्यार्थ्याने पाच सॉलिड स्टेट डिस्क आणि वाढीव रॅम शाळेस भेट दिली. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी या डिस्क बसवून त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली घातली की यंत्रे आणखी काही वर्षे सेवा देतील, असे सरांनी सांगितले, आणि ते काम नववीच्या आम्हां तिघांवर सोपविले. त्या दिवशी आमची छाती किती फुगली होती, हे येथे लिहीत नाही.

चार यंत्रे दोन दिवसांत तयार झाली. पाचवे ग्रंथालयातून आलेले होते व मुळात सुरूच होत नव्हते. परंतु त्याच्या हार्ड डिस्कवर ग्रंथालयाची संपूर्ण यादी होती. आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी दोन उन्हाळी सुट्या खर्चून ती टंकलेली होती, आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की यादी हाती येणार होती. पण त्यासाठी कॅबिनेटचे कडेचे झाकण उघडणे भाग होते. ते मागील बाजूस दोन स्क्रूंनी आवळलेले होते. बेळगावच्या पावसाचे वर्णन बेळगावकर वाचकांपुढे काय करावे? ज्या भिंतीलगत हे यंत्र होते, तिला दर श्रावणात ओल येते. वरचा स्क्रू मुकाट्याने निघाला. खालचा गंजून तांबूस झाला होता. तो जागचा हलेना.

येथे आमच्या हातून प्रमाद घडला. असल्या स्क्रूच्या फुलीला दोन नंबरचे टोक लागते. आमच्या हाती आला तो एक नंबरचा पेचकस. टोक खाचेत डुगडुगत होते, हे आम्हांला दिसत होते. पण उठून दुसरा आणावयाचा कंटाळा! आम्ही पाळीपाळीने जोर लावला. पेचकस घसरला, पुन्हा लावला, पुन्हा घसरला. पाचसात खेपांनंतर फुली नाहीशी होऊन तेथे एक गुळगुळीत वाटोळा खड्डा तेवढा उरला.

इतक्यात सर आले. "काय झाले?" त्यांनी विचारले. "सर, हा स्क्रू आधीपासूनच खराब आहे," असे आमच्यातील एकजण बोलला आणि उरलेल्या दोघांनी माना डोलविल्या. 'आम्ही' म्हणून लिहिण्याची सोय ही, की त्यात खोटे नेमके कोण बोलले, हे सांगावे लागत नाही.

छिन्नी लावून हातोडीचे दोन घाव घालावेत, असा विचार आमच्या मनात आला होता. तो सरांनी तत्काळ मोडून काढला. आत हार्ड डिस्क आहे, तिच्यात गुळगुळीत तबकड्या आणि अत्यंत नाजूक शीर्ष असते. बाहेरचा हादरा आतील यादीला भोवेल, असे ते म्हणाले. त्या दोन दिवसांत आम्हांला नीट झोप लागली नाही. स्क्रूपेक्षा आमचे वाक्यच मनात अधिक घट्ट रुतून बसले होते.

शनिवारी आमच्यापैकी एकाचे आजोबा शाळेत आले. उद्यमबागेतील एका कारखान्यात त्यांनी उभे आयुष्य लेथवर काढले आहे. त्यांनी चष्मा पुसला, यंत्राची पाठ उजेडाकडे केली आणि बराच वेळ ते त्या खड्ड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ही जखम जुनी नव्हे रे पोरांनो. जुनी असती तर आतनंबी गंजली असती. ही बघा कशी चकाकतीया."

सर शेजारीच उभे होते. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. अखेर आम्ही तिघेही एकदमच बोललो, "सर, ते आम्ही केले." सर क्षणभर थांबले आणि इतकेच म्हणाले, "बरे. आता तो काढावयास शिका."

आजोबांनी आमच्या चुकीचे कारण समजावून दिले. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांनी प्रचारात आणलेल्या या फुलीच्या बाजू उतरत्या असतात. त्यामुळे टोकावर पिळाचा जोर आला की ते बाहेर ढकलले जाते. "म्हणून पिळायचं थोडं आणि दाबायचं जास्त. तुम्ही उलटं केलासा," ते म्हणाले.

यंत्राची वीज तोडलेली होतीच. त्यांनी टाचणीच्या टोकाने तेलाचा एकच थेंब स्क्रूच्या कडेला सोडला आणि आम्हांला तासभर स्वस्थ बसविले. आमच्या आयुष्यातील तो सर्वांत लांब तास. नंतर रबराची पट्टी खड्ड्यावर ठेवून तीवरून दोन नंबरचा पेचकस दाबून पाहिला. पण फुली पार गेली होती, रबर नुसते फाटले. मग झाकणाच्या फटी व पंख्याची जाळी कागदाने चिकटवून बंद केली. लोखंडाचा एवढासा कीस मदरबोर्डवर पडला, तर वीज भलत्या वाटेने जाऊन सारेच जळते. करवतीच्या पात्याने स्क्रूच्या माथ्यावर एक सरळ खाच पाडली, तीत चपटा पेचकस बसविला, आणि तो त्यांनी आमच्या हाती दिला.

"आधी केसभर आवळा," ते म्हणाले. सोडवावयाचा तो आवळावयाचा? पण तसे केल्यानेच गंजाची पकड तुटते. आम्ही दाबले, केसभर आवळले, मग उलट फिरविले. कर्र असा आवाज झाला आणि रुसलेला स्क्रू फिरला. वार्षिक स्पर्धेत ढाल मिळाली तेव्हाही आम्ही इतके ओरडलो नव्हतो.

नवा स्क्रू बसविण्याचीही रीत आहे. कॅबिनेटच्या स्क्रूला इंचात ३२ आटे असतात. नव्या डिस्कच्या स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरवर, अधिक बारीक. दिसावयास दोन्ही भावंडे. पण एकाच्या घरात दुसरा कोंबला की तो कायमचा अडकतो. स्क्रू आधी बोटांनी उलटा फिरवावा. टक् असे वाजले की आटे जुळले. मग सुलटा आवळावा, तोही बेताने.

यादी सुखरूप मिळाली. आता तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत, आणि पाचवे यंत्र पुन्हा ग्रंथालयात गेले आहे.

तो जुना स्क्रू आमच्या कंपासपेटीत आहे. यंदाच्या पावसाळ्यात त्याच्या खड्ड्यालाही गंज चढला. आता कोणी पाहिले, तर जखम जुनी आहे, असेच म्हणेल. आम्हांला मात्र तिची तारीख ठाऊक आहे.