व्हिडिओ गेमचे रिमेक: दारे, धुके आणि कॅमेरा

जुना व्हिडिओ गेम नव्या यंत्रावर तीन वाटांनी येतो. पहिली वाट पोर्टची: गेम तोच, फक्त दुसऱ्या यंत्रावर चालेल असा केलेला. दुसरी रिमास्टरची: सांगाडा जुनाच, चित्रे अधिक रेखीव आणि आजच्या रुंद पडद्याला बसणारी. तिसरी रिमेकची. रिमेकमध्ये जुन्या गेमची कथा, पात्रे आणि जागा तेवढ्या घेतल्या जातात आणि बाकी सगळे पायापासून नव्याने बांधले जाते. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा प्रश्न रिमेक करणाऱ्यांपुढे प्रत्येक खोलीत उभा राहतो. प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत मूळ गेम आणि त्याचा रिमेक असे जोडीजोडीने खेळून पाहिले. त्या खेळण्यातून त्याच्या हाती एकच कसोटी लागली. जुन्या यंत्राला जे जमत नव्हते, त्या न जमण्यातूनच गेमला बरेच काही मिळालेले असते. ती अडचण दूर झाल्यावर तिचे काम रिमेकमध्ये कोण करते, हे पाहावे. चित्रे किती खरी दिसतात हा प्रश्न त्यानंतरचा.

'रेसिडेंट ईव्हिल' ही मालिका या कसोटीसाठी सर्वांत सोयीची. 1996 साली पहिल्या प्लेस्टेशनला गेममधला एवढा तपशीलवार बंगला त्रिमितीत जागच्या जागी काढणे झेपणारे नव्हते. म्हणून कॅपकॉम या कंपनीने खोल्यांची चित्रे आधीच तयार करून ठेवली आणि त्या चित्रांवर पात्रे चालवली. चित्र हलत नाही, म्हणून कॅमेराही हलत नाही. तो छताच्या कोपऱ्यातून किंवा मजल्यालगत बसून पाहतो, आणि वळणापलीकडे कोण उभे आहे ते खेळणाऱ्याला दिसत नाही; घरघर तेवढी ऐकू येते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना सीडीवरची माहिती वाचायला यंत्राला वेळ लागे. तो वेळ झाकण्यासाठी काळ्या पडद्यावर एक दार संथपणे उघडताना दाखवले जाई. म्हणायला ती नुसती वाट पाहण्याची जागा, पण मालिकेतली निम्मी भीती त्या दारातच होती.

या पहिल्या भागाचा रिमेक 2002 मध्ये गेमक्यूबवर आला. दिग्दर्शक मूळचेच, शिंजी मिकामी. त्यांनी कॅमेरा हलवला नाही. जुन्या खेळाडूच्या पाठांतरावर मात्र घाव घातला. या रिमेकमध्ये पाडलेला झोंबी जाळला नाही किंवा त्याचे डोके उडवले नाही, तर काही वेळाने तो लालभडक होऊन उठतो आणि धावत येतो. जाळायला रॉकेल लागते आणि ते मोजकेच मिळते. त्यामुळे बंगल्याचा नकाशा तोंडपाठ असलेल्या माणसालाही कोणत्या वाटेवर आपले जाणे-येणे जास्त राहील, याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते आजही याहून हुशार रिमेक दुसरा नाही.

दुसऱ्या भागाची गोष्ट वेगळी. मूळ 'रेसिडेंट ईव्हिल 2' 1998 चा, रिमेक 25 जानेवारी 2019 चा. यात कॅमेरा थेट पात्राच्या खांद्यामागे आला. आता वळणापलीकडे डोकावता येते, नेम धरता येतो, आणि खोल्यांमधले ते दारही गेले. म्हणजे भीतीचे दोन्ही जुने आधार काढून घेतले गेले. त्यांच्या जागी दोन नवे आले. एक अंधार: रकून सिटी या गेममधल्या शहराच्या पोलीस ठाण्यातले बरेचसे भाग विजेविना आहेत आणि टॉर्चच्या झोतात येईल तेवढेच दिसते. दुसरा मिस्टर एक्स. मूळ गेममध्ये हा टोपी नसलेला धिप्पाड पाठलागकर्ता फक्त दुसऱ्या फेरीत आणि ठरलेल्या जागीच येत असे. रिमेकमध्ये त्याच्या डोक्यावर हॅट आहे, तो दोन्ही पात्रांच्या कथेत येतो आणि एकदा आला की ठाण्यात मोकळा हिंडतो. गोळ्या घालून तो मरत नाही, काही काळ गुडघ्यावर बसतो इतकेच.

हेडफोन लावून खेळताना त्याच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून येतो आहे की शेजारच्या बोळातून, हे ओळखता येते. प्रस्तुत लेखकाने ठाण्यातला बराच काळ किल्ल्या शोधण्यात कमी आणि भिंतीला कान लावल्यासारखे ते बूट ऐकण्यात जास्त घालवला. टाइपरायटर असलेल्या खोल्यांत गेम सेव्ह करता येतो, आणि त्यांपैकी बहुतेक खोल्यांत तो शिरत नाही. पोलीस ठाण्याच्या मुख्य दालनातही टाइपरायटर आहे, तिथे मात्र तो बिनदिक्कत येतो. जुन्या कॅमेऱ्याने जे लपवले होते, ते रिमेकने असे आवाजाकडे सोपवले.

या रिमेकमध्ये एक गोष्ट मात्र हरवली. मूळ गेम दोन सीडींवर होता, दोन पात्रांपैकी एक लिऑनची आणि एक क्लेअरची. पहिल्या फेरीत एकाने कपाटातले शस्त्र उचलले की दुसऱ्या फेरीत दुसऱ्याला ते मिळत नसे. दोघेजण एकाच रात्री एकाच इमारतीत आहेत, हे त्यातून पटत असे. रिमेकमध्ये दोघांनाही जवळपास तीच कोडी आणि बरेचसे तेच राक्षस भेटतात, आणि एकाच रात्रीचा हिशेब लागत नाही.

चौथ्या भागाबद्दल थोडक्यात. 2005 च्या 'रेसिडेंट ईव्हिल 4' मध्ये बंदूक रोखली की पाय जागीच खिळत. गावकऱ्यांचा जमाव चालून येत असताना उभे राहून गोळी झाडायची, की पाठ फिरवून पळायचे, या पेचावर तो सगळा गेम उभा होता. मार्च 2023 च्या रिमेकमध्ये चालता चालता नेम धरता येतो. ही मोकळीक भरून काढण्यासाठी शत्रू अधिक चपळ केले. सुरीने वार अडवण्याची सोय दिली, पण ती सुरी झिजते आणि मोडते. पेच पायांतून हातात आला, एवढेच.

धुक्याचा विषय निघाला की 'सायलेंट हिल'ला वळसा घालता येत नाही. 1999 च्या पहिल्या भागात प्लेस्टेशनला लांबवरचे रस्ते काढता येत नव्हते, म्हणून ते धुक्यात आणि अंधारात बुडवले. 2001 चा दुसरा भाग अधिक ताकदीच्या प्लेस्टेशन 2 वर आला, तरी धुके राहिले, कारण तोवर ते गावाचा स्वभाव बनले होते. त्या भागाचा नायक जेम्स सन्डरलँड याला मेलेल्या बायकोचे पत्र येते आणि तो तिला शोधायला या गावात उतरतो. त्याला स्वतःबद्दलही फार पुढचे दिसत नाही, आणि खेळणाऱ्यालाही रस्त्यावर चार पावलांपलीकडचे दिसत नाही.

2012 मध्ये या गेमचा एचडी संग्रह निघाला, तेव्हा कोनामी या मूळ कंपनीकडे अंतिम आवृत्तीचा सोर्स कोडच पूर्ण नव्हता; अर्धवट अवस्थेतल्या कोडवर काम करावे लागले. त्या आवृत्तीत धुके विरळ झाले. जे कधी दिसायलाच नको होते, ते तलावाच्या पाण्याचे कापल्यासारखे टोक आणि अपुरी जमीन उघडी पडली. धुके काय काम करत होते, हे ते नसताना सर्वांना कळले.

ऑक्टोबर 2024 मध्ये याच गेमचा रिमेक आला, पोलंडमधल्या ब्लूबर टीमने केलेला. त्यात धुके दाट तर आहेच, शिवाय ते हलते, वाऱ्याबरोबर रस्त्यावरून सरकते. संगीत मूळ संगीतकार अकिरा यामाओका यांचेच. राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरतो, तेही तसेच. गेम मात्र जवळपास दुप्पट लांब झाला आहे. इस्पितळ आणि तुरुंग या भागांत ही लांबी जाणवते. एका दारासाठी तीन वस्तू आणि त्या तीन वस्तूंसाठी आणखी तीन दारे, असा प्रकार होतो. मूळ गेममधली पात्रे चमत्कारिक थांबे घेत, अर्धवट झोपेत असल्यासारखी बोलत. नव्या नटांचा अभिनय निर्विवाद चांगला आहे. जेम्सच्या चेहऱ्यावरचा थकवा आता दिसतो, मूळ गेममध्ये तो समजून घ्यावा लागे. यांपैकी कोणते चांगले, याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला दोन्ही वेळा खेळताना वेगवेगळे मिळाले.

महाराष्ट्रातल्या एका पिढीचा जुन्या गेमशी संबंध मात्र प्लेस्टेशनमधून कमी आणि सायबर कॅफेतून जास्त आला. तिथे 'जीटीए व्हाइस सिटी' हा गेम 2003 नंतर जवळपास प्रत्येक संगणकावर असे. त्याचे मिशन पूर्ण करणारे थोडे. बाकीचे तासाचे पैसे मोजून पॅन्झर हा चीट कोड टाइप करत, रणगाडा आणत आणि वेळ संपेपर्यंत गावभर फिरत. अनेक कॅफेंत आणि घरांत फिरणारी प्रत ही कापलेली असे. फाइल लहान व्हावी म्हणून तिच्यातली रेडिओवरची गाणी काढून टाकलेली. परिणाम असा की ज्या गेमची ओळखच 1986 च्या मायामीसारख्या शहरातल्या गाण्यांनी आहे, तो इथल्या अनेकांनी मुक्या गाडीत बसून खेळला. पुढे अधिकृत प्रत हाती आली आणि रेडिओ वाजू लागला, तेव्हा प्रस्तुत लेखकाला तो गेम ओळखीचा वाटलाच नाही. आठवणीतला 'मूळ' गेम म्हणजे कोणत्याही कंपनीने कधीच न काढलेली आवृत्ती होती. उलट नव्या अधिकृत आवृत्त्यांत परवाने संपल्यामुळे काही गाणी गळली आहेत. मायकेल जॅक्सनचे 'बिली जीन' त्यांपैकी एक.

'व्हाइस सिटी'सह तीन जीटीए एकत्र करून नोव्हेंबर 2021 मध्ये 'डेफिनिटिव्ह एडिशन' निघाली. रिमास्टर आणि रिमेक यांच्या मधेच कुठेतरी ती अडकली. तिच्या सदोष अवस्थेबद्दल रॉकस्टारने म्हणजे गेमच्या कंपनीने, जाहीर दिलगिरीही व्यक्त केली. त्यातल्या 'सॅन अँड्रियास'चे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. 2004 च्या मूळ गेममध्ये दूरवर धूसरपणा होता; यंत्राची सोय म्हणून आणि कॅलिफोर्नियाच्या तापलेल्या हवेचा रंग म्हणूनही. नव्या आवृत्तीत सुरुवातीला तो काढला गेला. मग माउंट चिलियॅडच्या शिखरावर उभे राहिले की तीन शहरे, वाळवंट आणि जंगल यांचा सगळा पसारा एका नजरेत मावू लागला. ज्या प्रदेशात वाट चुकत होती, तो परसदारात आल्यासारखा झाला.

त्याच आवृत्तीतला दुसरा प्रकार विनोदी. जुन्या गेममध्ये एका डोनटच्या दुकानावर भलामोठा सहा कोनांचा लोखंडी नट टांगलेला होता, दुकानाच्या नावावरून केलेली कोटी. कडा गुळगुळीत करण्याच्या सरसकट प्रक्रियेत तो नट गोल झाला आणि कोटी संपली. ज्याने तो नट मुळात सहा कोनांचा काढला त्याला त्यात काय अभिप्रेत होते, हे सॉफ्टवेअरला कळण्याचे कारण नव्हते. 2024 च्या अपडेटमध्ये जुना प्रकाश आणि ती धूसर हवा परत आणण्याची सोय दिली गेली.

'फायनल फँटसी 7' ने तिसराच रस्ता धरला. 1997 च्या गेममध्ये मिडगार हे शहर सुरुवातीच्या काही तासांत मागे पडते. एप्रिल 2020 च्या 'रिमेक' या भागाने तेवढ्याच तुकड्याचा तीस-चाळीस तासांचा गेम केला आणि पुढची कथा फेब्रुवारी 2024 च्या 'रीबर्थ'कडे सोपवली. यात भरताड आहे. हरवलेली मांजरे शोधून देण्याचे काम शहर वाचवायला निघालेल्या माणसाने का करावे, हे सांगता येत नाही. पण एका ठिकाणी ही लांबी सार्थकी लागते. मूळ गेमचा कॅमेरा बहुतेक वेळा वरून खाली पाहत असे. मिडगारमधले श्रीमंत एका प्रचंड पोलादी तबकडीवर राहतात आणि गरीब तिच्या खाली, हे संवादांतून आणि मोजक्या दृश्यांतून समजायचे. रिमेकमध्ये झोपडपट्टीतून मान वर केली की आकाशाच्या जागी ते छत दिसते, आणि ते कोसळण्याची भीती प्रत्येक रस्त्यावर असते. शिवाय कथा मूळ वळणावरून ढळू लागली की तिला खेचून परत आणणारी भुते या गेममध्ये आहेत. जुन्या चाहत्यांच्या हट्टालाच पात्र बनवण्याची ही कल्पना धाडसी आहे. ती शेवटपर्यंत पेलली गेली असे मात्र वाटत नाही.

'शॅडो ऑफ द कोलोसस'चा 2018 चा रिमेक ब्लूपॉइंट या स्टुडिओने केला. 2005 मध्ये प्लेस्टेशन 2 ला त्या सोळा महाकाय प्राण्यांचा भार पेलत नसे आणि चित्र अडखळे. प्राणी त्यामुळे अधिक जड वाटत. रिमेक लोण्यासारखा चालतो आणि प्राणी किंचित हलके झाले आहेत.

मराठी वाचकाच्या जवळचा रिमेक 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा. जॉर्डन मेकनर यांचा 1989 चा मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' शाळेतल्या संगणकावर अनेकांनी खेळलेला असतो: साठ मिनिटांची मुदत, आणि उडी चुकली की पुन्हा लेव्हलच्या सुरुवातीला. 2003 च्या 'सँड्स ऑफ टाइम'ने खंजिरातल्या वाळूने काळ मागे नेण्याची सोय दिली, म्हणजे चुकलेली उडी परत घेता येऊ लागली. पण वाळू मोजकी. या गेमच्या रिमेकची घोषणा सप्टेंबर 2020 मध्ये झाली आणि काम युबीसॉफ्टच्या पुणे व मुंबई स्टुडिओंकडे होते. पहिल्या झलकीतल्या चित्रांवर टीका झाली, जानेवारी 2021 ची तारीख पुढे गेली, आणि मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे, म्हणजे मूळ गेम जिथे घडला तिथेच, सोपवण्यात आले.

रिमेकची गरज मूळ गेम दुर्मीळ झाल्यामुळेही भासते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. मेकनर यांच्या गेमचा सोर्स कोडही हरवलाच होता. 2012 मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्याच्या डिस्क सापडल्या. 'रेसिडेंट ईव्हिल'चे पहिले तीन भाग 2024 मध्ये जीओजी या ऑनलाइन दुकानात मूळ रूपात आले, म्हणून वरची तुलना सोपी झाली. 'डीमन्स सोल्स'च्या बाबतीत ती आता अधिकृतपणे पूर्ण करता येत नाही. 2009 च्या त्या गेममध्ये अनोळखी खेळाडूंनी जमिनीवर लिहिलेले इशारे वाचत पुढे जावे लागे. त्याचे सर्व्हर फेब्रुवारी 2018 मध्ये बंद झाले, आणि तसे इशारे आता फक्त 2020 च्या रिमेकमध्ये वाचायला मिळतात.