घरचा वास

आमची मनी पायाला टाके पडल्यामुळे ५ दिवस गुरांच्या दवाखान्यात होती. ती घरी यायची म्हणून सौ.ने दूध कोमट करून ठेवले. वर्ध्याच्या रामनगरपर्यंत मी रिक्षातून टोपली मांडीवर सांभाळीत आणली आणि झाकण उघडले. पण तिची सख्खी बहीण ठमी पाठीची कमान करून अशी फिस्कारली, की जणू दारात वैरीच उभा!

डॉक्टरांना फोन केला. ते हसले. "सर, मांजराची ओळख तोंडावर नसते, वासावर असते. मनीला औषधांचा वास येतोय. काही दिवस दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि एकीच्या अंगाखालचे फडके दुसरीला देत जा."

मला एकदम आई आठवली. गेल्या महिन्यात ती सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून घरी आली. विश्रांती हवी म्हणून आम्ही तिला मागची खोली दिली, भांडी वेगळी केली, विचारपूस उंबरठ्यावरूनच केली. फिस्कारलो नाही, एवढेच! फडके मात्र कुणी दिले नाही.

'वास' म्हणजे गंध, आणि वनवासातला 'वास' म्हणजे राहणे, हे मी वर्गात दरसाल सांगतो. दोहोंचा संबंध त्या संध्याकाळी कळला.

मनीचे फडके ठमीच्या टोपलीत ठेवले आणि आईची गोधडी उचलून आमच्या खोलीत अंथरली.

"हे काय करून राहिलास रे?" आईने विचारले.

"काही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणालो.