निमित्त आणि कारण

आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत होतो, तेव्हा तर्कशास्त्राच्या तासाला एक लॅटिन वाक्य आमच्याकडून घोकून घेतले जाई : 'पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक'. एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली म्हणून ती दुसरीमुळेच घडली असे मानणे, या चुकीचे हे नाव. परीक्षेत आम्ही त्यावर चांगले गुण मिळविले होते. पुढे सव्वीस वर्षांच्या सेवेत ती चूक आम्ही किती वेळा केली, याचा हिशेब मात्र आमच्यापाशी नाही. 2024 च्या पावसाळ्यात ती पुन्हा घडली, आणि तीही एका तरुणाच्या खेळाच्या संगणकापायी. ज्यांची ही हकिगत, त्या दोघा भावांना हा मजकूर आधी वाचून दाखविला आहे. "नावं सोडा फादर, बाकी लिहा," असे दोघांनीही सांगितले, म्हणून लिहितो.

वसई तालुक्यातील आमच्या धर्मग्रामातले हे घर. वडील प्रभुघरी गेले, मागे आई, दोन मुलगे आणि विहिरीकाठची थोडीशी वाडी. थोरला कुवेतला नोकरीस, धाकटा आईजवळ. वाडीचा अर्धा भाग विकावा असे थोरल्याचे म्हणणे, आणि एक झाडही विकायचे नाही असा धाकट्याचा हट्ट. आपल्या भागात हे दुखणे नवे नाही. किती घरांची जेवणाची भांडी ह्या एका शब्दाने वेगळी झाली! वर्षदिनाच्या मिस्सेला थोरला आला तो उजवीकडच्या बाकावर बसला, धाकटा डावीकडच्या. प्रवचनात आम्ही समेटाविषयी पुष्कळ बोललो. दोघांनीही ते शांतपणे ऐकले आणि वेगवेगळ्या दारांनी निघून गेले.

त्या दोघांना पुन्हा बोलते केले ते आमच्या प्रवचनाने नव्हे, हे नम्रपणे नमूद केले पाहिजे. ते केले मोटारींच्या शर्यतीच्या एका खेळाने. 'फोर्झा होरायझन 5' हे त्याचे नाव. त्यात मेक्सिकोच्या रस्त्यांवरून गाड्या पळवायच्या असतात. कुवेतमध्ये शुक्रवार सुटीचा. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे साडेआठ झालेले असतात. त्या वेळी दोघे भाऊ कानांना हेडफोन लावून बसत आणि एकाच रस्त्यावर दोन गाड्या धावत. प्रथम बोलणे केवळ वळणांचे आणि ब्रेकचे. मग एकदा आईच्या गुडघ्याचे. मग विहिरीच्या पंपाचे. समोरासमोर पाहावे लागत नाही, नजर रस्त्यावरच असते, म्हणून कदाचित ते जमत असावे. कबुलीच्या जाळीमागे वर्षानुवर्षे बसून आम्हांला ह्याचे नवल वाटू नये, पण वाटले.

त्या वर्षीच्या मे महिन्यात धाकट्याने साठविलेल्या पैशांतून संगणकात सुधारणा केली. जुने जीटीएक्स 1650 काढून आरटीएक्स 3070 हे ग्राफिक्स कार्ड बसविले, आणि त्याच दिवशी रॅमही वाढवून घेतली. तेव्हापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. शर्यत ऐन रंगात असताना पडदा एकाएकी काळा होई आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होई. कुवेतच्या पडद्यावर काय दिसे? भावाची गाडी नाहीशी झाली, त्याचा आवाज तुटला, एवढेच. आणि दुर्दैव असे की पहिल्यांदा हे घडले त्याच्या मिनिटभर आधी थोरल्याने भीतभीत वाडीचा विषय काढला होता.

तीन शुक्रवार असे झाल्यावर थोरल्याने आम्हांला फोन केला. "फादर, वाडीचं नाव काढलं की तो तोंडावर बंद करतो." आधी वाडीचा शब्द, मग तुटलेला आवाज, आम्हांलाही क्रम पटला. धाकट्याला रविवारच्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत बोलावून आम्ही चांगलेच सुनावले. राग आला तर बोलून दाखवावा, भावाच्या तोंडावर दार लावू नये, वगैरे. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला, "फादर, मशीन रिस्टार्ट होतं." आम्हांला ती सबब वाटली, आणि तसे आमच्या चेहऱ्यावर दिसले असावे. "तुम्ही स्वतः येऊन बघा," असे म्हणून तो निघून गेला. हे मूल लहानपणी आमच्यापाशी वेदीसेवक होते. असा पाठ फिरवून ते कधी गेले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो. विजेच्या कामाशी आमचा थोडा परिचय आहे. सेमिनरीत माईक आणि जनरेटर ही आमची जबाबदारी होती, आणि आजही धर्मग्रामाच्या सणाला फ्यूज उडाला की आम्हांलाच हाक येते. आई दारातच म्हणाली, "फादर, तो खोका विकून टाकायला सांगा त्याला. घरात शांतता राहील." आम्ही काही न बोलता आत गेलो.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे एक दफ्तर असते. त्यात प्रत्येक वेळेसमोर एकच नोंद होती : कर्नेल-पॉवर, क्रमांक 41. तिचा अर्थ एवढाच की यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. का, ते ती सांगत नाही. आमच्या कार्यालयातील जुन्या मृत्यूनोंदवहीची आठवण झाली. नाव आहे, तारीख आहे, कारणाचा रकाना कोरा. निळा पडदा आला असता तर यंत्रणेने मरतामरता काही जबानी दिली असे म्हणता आले असते. येथे तेवढाही अवधी मिळत नव्हता. ज्या आघाताची नोंद करण्याइतकीही उसंत मिळत नाही, तो बहुधा विजेच्या बाजूने आलेला असतो, असे धाकटा म्हणाला. तरी एकाच दिवशी दोन बदल झाले होते, तेव्हा एकेक मागे घेऊन पाहणे प्राप्त होते.

नवी रॅम काढली. नऊच्या सुमारास पडदा काळा झाला, रॅम निर्दोष. तरीही रात्रभर मेमटेस्ट86 ह्या प्रोग्रॅमने तिची उलटतपासणी केली, एकही चूक सापडली नाही. रविवारी तापमानावर नजर ठेवली. कार्ड बहात्तर अंशांवर होते, म्हणजे तब्येत ठणठणीत, आणि त्याच क्षणी यंत्र कोसळले. सोमवारी कार्डाची वीज एका प्रोग्रॅमने साठ टक्क्यांवर बांधून दिली. संपूर्ण संध्याकाळ काही झाले नाही! माग विजेपर्यंत येऊन पोचला.

कॅबिनेट उघडून पाहिले तर एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच केबलच्या दोन फाट्या कार्डाच्या दोन्ही आठ-पिनी जोडांत खुपसलेल्या होत्या. प्रत्येक जोड दीडशे वॅटसाठी असतो. हे कार्ड सरासरी 220 वॅट घेते, पण क्षणार्धासाठी त्याची ओढ त्याहून बरीच वर उसळते. म्हणून अशा कार्डाला दोन स्वतंत्र केबल द्याव्यात अशी रीत आहे. दुसरी केबल एसएमपीएसच्या खोक्यात तशीच गुंडाळून पडली होती. ती जोडली. एसएमपीएस 650 वॅटचा, म्हणजे कार्डाला पुरेसा. मंगळवार-बुधवार आम्हांला सवड नव्हती. धाकट्याने घरून काम करताना दुपारी दोन-दोन तास खेळ चालवून पाहिला. निर्विघ्न. आम्ही आईला सांगितले, रोग सापडला. सांगताना आवाज जरा चढलाच होता, हे कबूल करतो.

शुक्रवारी साडेआठला आम्ही मुद्दाम त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. बाहेर पाऊस होता. वीस मिनिटे गाड्या धावल्या. मग डोक्यावरची ट्यूब क्षणभर मंदावली, टेबलाखालून 'टक्' असा आवाज आला, आणि पडदा काळा. धाकट्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो आमच्याकडे पाहीना.

तो 'टक्' एरवी कोणाच्या ध्यानात येण्याजोगा नव्हता. कानांवर हेडफोन असलेल्याच्या तर नाहीच. आम्ही वाकून पाहिले. टेबलाखाली यूपीएस होता. त्याच्या पाठीवर छापले होते : 600 व्हीए, 360 वॅट. आणि त्याखाली आमच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी, धर्मग्राम कार्यालय. वडील वारले त्या वर्षी कार्यालयात नवा यूपीएस आला, तेव्हा हा जुना आम्हीच त्या घराला दिला होता. 'पावसात वीज गेली तर पोराचे काम बुडू नये' असे म्हणून दिला होता.

मग हिशेब मांडला. जुन्या कार्डासह संगणक आणि पडदा मिळून दोनशेच्या आतबाहेर वॅट घेत असावेत. नवे कार्ड आल्यापासून भार साडेतीनशेच्या पुढे गेलेला. दुपारी विजेचा दाब ठीक असतो, तेव्हा यूपीएस ती नुसती पुढे सोडतो. संध्याकाळी घरोघर पंखे आणि फ्रीज एकदम चालतात, दाब घसरतो, आणि यूपीएस 'टक्' करून बॅटरीवर जातो. ह्या बदलीला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा काळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. भार जितका जड तितका साठा लवकर सरतो. त्यातून ही जुनी बॅटरी, पेलायचे ओझे कुवतीबाहेरचे. दाब ढळला की एसएमपीएस 'पॉवर गुड' नावाचा आपला संकेत मागे घेतो, आणि मदरबोर्ड तत्काळ प्रोसेसरला पहिल्यापासून सुरू करतो. खेळ बंद पडताच भार उतरतो, यूपीएस सावरतो. म्हणून यंत्र मरत नसे, फक्त पुन्हा उठत असे. कार्ड हे निमित्त होते. कारण टेबलाखाली, आमच्या चिठ्ठीसह, बसले होते.

यूपीएस बाजूला करून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला लावला. त्या रात्री ट्यूब आणखी दोनदा मंदावली, यंत्राने दाद दिली नाही. मात्र वीज पूर्ण गेली तर ते बंद पडणारच, म्हणून पुढच्या महिन्यात त्याने 1500 व्हीएचा यूपीएस आणला. आमचा जुना आता फक्त राऊटर चालवितो; तेवढे त्याला झेपते.

राहता राहिला फोन. तो त्याच रात्री आम्ही केला. सॅक्रिस्टीतले बोलणे आम्ही विनाचौकशी केले, मुलगा खरे बोलत होता, आणि दोष आम्ही दिलेल्या डब्याचा होता, हे थोरल्याला क्रमाने सांगितले. शेजारी धाकटा उभा होता. त्याचीही आम्ही त्याच दमात क्षमा मागितली. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला वीस-बावीस वर्षांच्या पोरासमोर हे शब्द उच्चारायला किती वेळ लागतो, ते आम्हांला त्या दिवशी कळले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. आम्हांला वाटले, लाइन तुटली. मग थोरला म्हणाला, "फादर, मी नाताळचं तिकीट रद्द केलं होतं." आम्ही फोन धाकट्याच्या हाती दिला आणि बाहेर ओटीवर आईपाशी जाऊन बसलो.

नाताळात थोरला आला, दुसरे तिकीट काढून, अधिक पैसे मोजून. वाडीचा प्रश्न सुटलेला नाही. सव्वीस डिसेंबरला आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा दोघे विहिरीच्या कठड्यावर बसून मोठमोठ्याने वाद घालीत होते. थोरला काठीने जमिनीवर रेघ ओढी आणि धाकटा ती पायाने पुसून टाकी.

"सकाळपासून हेच चाललंय, फादर," आई म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.