साध्या दिवसाचा हिशेब

वडगाव मावळ
आषाढ

ति. ताईस,


तू विचारलंस, समाधान जर मनाच्या वळणावरच असेल, तर परिस्थिती बदलायचा खटाटोप माणसानं करावा तरी कशाला? मला हे ‘जर’च पटत नाही. समाधान मनाला जाणवतं हे खरं, पण ते येतं दिवसाच्या घडणीतून. आपण कुणाबरोबर जेवतो, कामावर पोचायला किती वेळ जातो, हातातलं काम पुरं झालेलं दिसतं का, अडीनडीला हाक मारली तर कोण येतं, यांवर ते जास्त ठरतं. घर, गाडी, बढती, मोठा व्यवहार यांचा वाटा आपण धरून चालतो त्याहून बराच कमी निघतो. म्हणून समाधान हवं असेल तर साधा, काहीच विशेष न घडणारा दिवस कसा आहे ते बघावं आणि तोच सुधारावा, असं माझं म्हणणं आहे.

याचा दाखला शोधायला मावळाबाहेर जायची गरज नाही. 2002 साली मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे पुरा झाला, तळेगावच्या बाजूला एमआयडीसी आली आणि पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणाऱ्या जमिनी गुंठ्याच्या भावानं विकल्या जाऊ लागल्या. ज्यांच्या हाती एकदम पैसा आला त्यांना लोक ‘गुंठामंत्री’ म्हणून हिणवतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण त्यांच्या जागी तू-मी असतो तरी फार वेगळं घडलं नसतं. एकदम पैसा आला की काय होतं ते बघ: 1978 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या बावीस जणांना बोलतं केलं. ते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हतेच, उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी निघाला. बावीस ही संख्या लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण त्यातून जे दिसतं ते जमीन विकलेल्या घरांकडे बघताना आठवत राहतं. बंगला उभा राहतो, लग्न थाटात होतं, आणि त्यानंतर जो साधा दिवस उजाडतो त्यात सकाळी उठून करायचं कामच उरलेलं नसतं. पैसा आला तसं भाताचं खाचर गेलं आणि खाचराबरोबर दिवसाचा आकार गेला.

तो आकार म्हणजे काय ते लावणीत नीट दिसतं. राबात वाढलेली रोपं सकाळी उपटायची, मुळांचा चिखल पाण्यात धुऊन मुठी बांधायच्या आणि चिखलणी झालेल्या खाचरात त्या अंतराअंतरावर टाकायच्या. मग बायका ओळीनं वाकतात, दोन-तीन काड्या अंगठ्यानं चिखलात रोवतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. मागे सरकत असल्यामुळे केलेलं काम सतत डोळ्यांसमोर राहतं. पुढ्यातलं हिरवं वाढत जातं, पाठीमागचा मोकळा चिखल कमी होत जातो, आणि संध्याकाळी बांधावर उभं राहिलं की दिवस कुठे गेला ते विचारावं लागत नाही. त्यात इर्जिक असेल तर आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. पाठ मोडते, पायाची बोटं पाण्यानं कुजतात, हे मी विसरलेलो नाही आणि त्याचं कौतुकही करणार नाही. पण दिसणारं काम आणि सोबतीचे हात एकत्र येतात असे दिवस आताच्या नोकऱ्यांत किती उरलेत?

नोकरीच्या दिवसाचाही असाच तपास झालेला आहे. 2004 साली मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना आदला दिवस तुकड्यातुकड्यानं आठवायला सांगितलं. सगळ्यांत नकोसा निघाला तो सकाळचा प्रवास; हव्याशा निघाल्या त्या माणसांची सोबत, रात्रीचं जेवण, विश्रांती. वडगावहून लोकलनं शिवाजीनगर गाठणाऱ्याला किंवा हिंजवडीच्या कोंडीत अडकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते आपल्या निवडीचं. दोन खोल्या जास्त मिळाव्यात म्हणून आपण रोजचे दोन तास रस्त्यावर देतो. खोल्यांची सवय सहा महिन्यांत होते, पण कोंडी रोज नव्यानं सोसावी लागते.

पैशाला काहीच किंमत नाही, असं मात्र यातून काढू नकोस. उत्पन्नाबरोबर सुख वाढतच राहतं का, याबाबत कानेमन आणि दुसरे संशोधक किलिंग्सवर्थ यांचं आधी एकमत नव्हतं. 2023 साली दोघांनी मिळून आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं असं दिसलं. फक्त जे आधीच फार दुःखी, त्यांना एका टप्प्यापुढे पैसा उपयोगी पडत नाही. शिवाय ही वाढ टक्क्यांच्या हिशेबानं होते. म्हणजे महिना दहा हजारांची भर मजुराच्या घरात जे करते ते मॅनेजरच्या घरात करत नाही. पैसा साध्या दिवसातली चिंता काढतो तेव्हा तो मोलाचा. तोच दिवस गिळून आला तर महाग पडतो.

समाधानी माणूस पुढे जात नाही, या तुझ्या आक्षेपाला आपल्या वडगावातच उत्तर आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्रानं 1987 साली इंद्रायणी तांदूळ दिला. आंबेमोहोराचा वास जगात भारी, पण पीक उंच वाढून लोळायचं आणि उतारा कमी. आयआर-8 हा वाण भरघोस पिकायचा, पण ताटात त्याला कोणी विचारत नसे. त्या दोघांच्या संकरातून इंद्रायणी झाला. तिथल्या माणसांनी उतारा वाढवायची धडपड सोडली नाही आणि चव विकूनही टाकली नाही. काय राखायचं ते पक्कं असलं की बाकीचं बदलायला माणूस मोकळा होतो.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: समाधानाचा उपदेश गरिबांना गप्प बसवायला केला जातो. केला जातो, खरंच. पण ज्या तुकोबांचं नाव त्यासाठी पुढे करतात, त्यांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावलं होतं, आणि परंपरा सांगते की लोकांकडचं येणं लिहिलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणी नदीत सोडली. गप्प बसणारा माणूस असं करत नाही. आणि 9 ऑगस्ट 2011 आठव. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. ती माणसं हावरी नव्हती. ज्या पाण्यावर त्यांचा रोजचा दिवस उभा होता ते जाऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. ज्याला आपल्या दिवसाची किंमत कळलेली असते तो त्यासाठी भांडतो.

एका ठिकाणी मात्र माझं म्हणणं अडतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. जी बाई मजुरीवर दुसऱ्याच्या खाचरात लावणी करते, तिचा दिवस कसा असावा हे ती ठरवत नाही; मुकादम ठरवतो, पाऊस ठरवतो. तिला दिवसाची घडण बघायला सांगणं मला निलाजरेपणाचं वाटतं. तिच्या दिवसाचा हिशेब तिची मजुरी, गावातला दवाखाना आणि वेळेवर येणारी एसटी यांतून सुरू होतो, आणि तो आपल्यासारख्यांनी ग्रामसभेत मांडायचा आहे.

तुझ्या मुलानं हिंजवडीतला फ्लॅट घ्यावा की नाही, हे मी सांगणार नाही. फक्त सही करण्याआधी तिथला एक नोकरीचा वार त्याला तासातासानं कागदावर लिहून काढायला सांग, आणि त्यात जेवायला घरी किती जण एकत्र असतील तेही.



तुझा,
भाऊ