आपलें माणूस

२००७ सालच्या जुलैची २१ तारीख शनिवारीं आली होती. आम्ही त्या दिवशीं अकोल्यास आमच्या भगिनीच्या घरीं होतों. निमित्त भाचीच्या लग्नाच्या बोलण्याचें होतें. परंतु सकाळपासून त्या घरांत लग्नाविषयीं कोणी अवाक्षर काढीत नव्हतें. आमचे मेहुणे निवृत्त वकील. ते कागदांची चळत पुढें घेऊन मतांचीं मोलें मांडीत बसले होते. खासदाराच्या एका मताचें मोल ७०८, महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचें १७५, उत्तर प्रदेशाच्या आमदाराच्या मताचें २०८ आणि बिचाऱ्या सिक्कीमच्या आमदाराच्या मताचें अवघें ७. हा सारा हिशेब १९७१ च्या जनगणनेवर बेतलेला आहे, असें ते आम्हांस तिसऱ्यांदा समजावून देत होते. दुपारीं निकाल आला. प्रतिभाताई पाटील यांस ६,३८,११६ व भैरोसिंह शेखावत यांस ३,३१,३०६ इतक्या मोलाचीं मतें पडलीं. मेहुण्यांनीं कागद बाजूस सारले आणि पेढे आणावयास माणूस धाडला.

आमचे मेहुणे हाडाचे विदर्भवादी. १९४७ सालच्या अकोला कराराची तारीख त्यांस स्वतःच्या लग्नाच्या तिथीपेक्षां अधिक चांगली पाठ आहे, आणि १९५३ च्या नागपूर करारांत जें कबूल केलें तें वऱ्हाडाच्या पदरांत पडलें नाहीं, याचा पाढा ते कोणत्याहि पाहुण्यास जेवणापूर्वीं ऐकवितात. असे हे गृहस्थ त्या दिवशीं 'मराठी माणूस राष्ट्रपति झालें' म्हणून शेजाऱ्यांच्या हातांवर पेढे ठेवीत होते! आम्हांस राहवेना. "भाऊजी, आज महाराष्ट्र गोड लागतो आहे वाटतें?" असें आम्हीं डिवचलें. "आज ती गोष्ट काढूं नका," ते म्हणाले, "उद्यां सकाळीं या."

'आपलें' हा शब्द असा मोठा लवचिक आहे. ताईंचा जन्म १९३४ चा, खानदेशांतील नाडगांवचा. १९६२ सालीं, अवघ्या सत्तावीस वर्षांच्या असतां, त्या जळगांवांतून विधानसभेवर निवडून आल्या. म्हणून जळगांवकर म्हणत, लेक आमची. १९६५ सालीं देवीसिंह शेखावत यांच्याशीं विवाह होऊन त्या अमरावतीच्या झाल्या आणि १९९१ ते १९९६ आमच्या खासदारहि होत्या. म्हणून आम्ही म्हणत होतों, सून आमची. शेखावतांचें मूळ घराणें राजस्थानांतील सीकर जिल्ह्याचें, आणि ताई २००४ पासून त्याच प्रांताच्या राज्यपाल राहिलेल्या. तेव्हां तिकडूनहि सुनेवर हक्क सांगितला जात होता. त्यांत पराभूत उमेदवारहि शेखावतच! एका बाईवर तीन मुलुखांनीं माया करावी, यांत आम्हांस त्या दिवशीं राष्ट्रैक्याचें शुभचिन्ह दिसलें. शिवसेना विरोधी आघाडींत असूनहि मराठीपणाकरितां तिनें ताईंस मतें दिलीं, तेंहि शुभचिन्हच वाटलें. भाषेच्या अभिमानानें पक्षाची भिंत ओलांडली म्हणजे राष्ट्र एक झालें असें नव्हे, हें तोंडांत पेढा असतां सुचत नाहीं.

संध्याकाळच्या गाडीनें आम्ही बडनेऱ्याकडे निघालों. मूर्तिजापूर सोडल्यावर दोहों बाजूंस कपाशीचीं रोपें वीतभर वर आलेलीं दिसत होतीं. डब्यांत सगळीकडे एकच विषय होता. कोणी म्हणे आतां अमरावतीचें भाग्य उजळलें, कोणी म्हणे पाणी येणार, कोणी मुलाच्या नोकरीचा विचार बोलून दाखवी. आम्ही त्या गोष्टी ऐकून मनांत हंसत होतों, पण खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत एक यादी तयार होत होती.

आमचे धाकटे बंधु दर्यापूर तालुक्यांत शेती करतात. सात एकर कोरडवाहू वावर, तेंहि खारपाण पट्ट्यांत. पूर्णेच्या कांठचा हा भाग ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस सांगतों, कीं तेथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें ना पिकाला चालत ना माणसाला. काळी जमीन सोन्यासारखी, आणि तिच्या पोटांतलें पाणी खारट. आदल्याच वर्षीं, २००६ च्या जून-अखेरीस, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भांत येऊन वऱ्हाडचे पांच जिल्हे व वर्धा यांकरितां ३,७५० कोटींची मदत जाहीर करून गेले होते. कारण शेतकरी आत्महत्या करीत होते आणि ती बातमी आतां आमच्या वर्तमानपत्रांपुरती उरली नव्हती. आमच्या बंधूंवर बँकेचें कर्ज होतें, सावकाराचें होतें कीं काय तें त्यांनीं आम्हांस कधीं सांगितलें नाहीं. निकालानंतर आठ दिवसांनीं ते अमरावतीस आले आणि म्हणाले, "दादा, तू शिकेल मानूस हायेस. ताईले एक चिठ्ठी लिव. तिले आपला मुलूख मालूम हाय."

आम्हीं चार पानें लिहिलीं. कपाशीचा भाव, खारें पाणी, व्याज, सारें सविस्तर लिहिलें. भाषा चांगली साधली असें वाटलें, याची आज लाज वाटते. पाकिटावर पत्ता घालण्यापूर्वीं मात्र वकील मेहुण्यांच्या संगतीचा परिणाम होऊन आम्हीं राज्यघटना उघडली. चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदांत स्पष्टच लिहिलें आहे कीं राष्ट्रपतींनीं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागावयाचें. फार तर तो सल्ला एकदां फेरविचारास परत पाठवितां येतो, आणि तो पुन्हां आला म्हणजे मानावाच लागतो. ज्या हातांनीं कांहीं देतां येणार नाहीं, त्या हातांत आपलें रडगाणें कशास द्यावें, असा सुज्ञ विचार करून आम्हीं पत्र कपाटाच्या खणांत ठेविलें. बंधूंस सांगितलें, पत्र लिहिलें. तें धाडलें असें म्हटलें नाहीं, आणि धाडलें नाहीं असेंहि म्हटलें नाहीं.

पुढें २९ फेब्रुवारी २००८ रोजीं अर्थमंत्री चिदंबरम् यांनीं अर्थसंकल्पांत साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. त्याच रात्रीं बंधूंचा दूरध्वनि आला. त्यांचा आवाज आम्हीं इतका मोकळा कधीं ऐकला नव्हता. "दादा, चिठ्ठी पोचली!" असें ते म्हणाले. आम्ही कांहींच बोललों नाहीं. देशभरच्या कोट्यवधि शेतकऱ्यांची ती माफी, पण आमच्या बंधूंच्या मतें ती अमरावतीच्या चार पानांनीं झाली होती. आणि हा समज त्यांनीं गांवांत दहा जणांस सांगितलाहि होता.

कांहीं दिवसांनीं नियम कळले. पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे पांच एकरांच्या आंतबाहेर. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास सरसकट माफी नाहीं, सूट काय ती चौथ्या हिश्श्याच्या मानानें, आणि तीहि उरलेली बाकी भरल्यास. पाटाच्या पाण्याच्या मुलुखांत पांच एकर म्हणजे बऱ्यापैकीं बागाईत. खारपाण पट्ट्यांत सात एकर म्हणजे दोन वर्षांच्या दुष्काळांत संपणारा संसार. दिल्लींत बसून फूटपट्टी एकच ठेवावी लागते हें आम्हांस समजतें, परंतु ती ठेवतांना वऱ्हाडचें वावर कोणाच्या डोळ्यांपुढें नव्हतें हें उघड आहे. बंधु पुन्हां आले. रागावले नव्हते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनीं सहज विचारलें, "दादा, तू चिठ्ठीत पांच एकर लिवलं होतं का सात?" सात, असें आम्हीं सांगितलें. तें खरें होतें.

ऐक्याच्या आशेचेंहि असेंच झालें. २००८ च्या फेब्रुवारींतच मुंबईंत उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्यांस मारहाण झाली, आणि ऑक्टोबरांत रेल्वेच्या परीक्षेस आलेल्या परप्रांतीय मुलांस. मराठी बाई साऱ्या देशाच्या प्रथम नागरिक, आणि त्याच वर्षीं मराठीच्या नांवानें हा प्रकार! आमच्याच जेवणाच्या पंक्तींत एका तरुण नातलगानें त्याचें समर्थन केलें. आम्ही यजमान, म्हणून गप्प राहिलों. अमरावतीकराला हें मौन विशेष शोभत नाहीं. १८९७ च्या डिसेंबरांत राष्ट्रसभेचें तेरावें अधिवेशन याच शहरांत भरलें, तेव्हां अध्यक्ष होते मलबारचे चेट्टूर शंकरन् नायर, आणि स्वागताध्यक्ष आमचे दादासाहेब खापर्डे. प्लेगचें वर्ष, टिळक तुरुंगांत, आणि वऱ्हाडी मंडळी एका मल्याळी गृहस्थास डोक्यावर घेत होती. आमचे पणजोबा त्या मंडपांत पाणी देण्याच्या कामावर होते असें घरांत सांगत. अध्यक्ष कोणाच्या गांवचे याची चौकशी त्यांनीं केल्याचें कोणी सांगितलेलें नाहीं. १९१२ सालीं बांकीपूरच्या लोकांनीं त्याची परतफेड करून अमरावतीच्या रावबहादूर मुधोळकरांस अध्यक्षपदीं बसविलें. त्या काळांतहि भांडणें होतींच. परंतु दुसऱ्याच्या माणसाला मान देणें हा त्यांच्या आनंदाचा भाग होता, आणि आमचा सारा आनंद आपल्या माणसाला मान मिळण्यापुरता होता.

आपलेपणाचा आणखी एक अनुभव शहरानें २००९ सालीं घेतला. विधानसभेच्या निवडणुकींत ताईंचे चिरंजीव अमरावतींतून उभे राहिले, आणि त्यांच्याकरितां विद्यमान मंत्री सुनील देशमुख यांस काँग्रेसची उमेदवारी नाकारली गेली. देशमुख अपक्ष उभे राहून पराभूत झाले. कायद्याला धरून जें झालें त्यावर आम्ही काय बोलणार? एवढें खरें, कीं त्या दिवसांत 'आपल्या राष्ट्रपति' हा शब्द उच्चारतांना शहरांतलीं माणसें दोन तऱ्हांनीं उच्चारूं लागलीं. आमच्या घरच्यांची आशा मात्र निराळी होती. त्यांस स्त्रियांच्या राखीव जागांचें विधेयक हवें होतें. तें ९ मार्च २०१० रोजीं राज्यसभेंत संमत झालें आणि लोकसभेच्या दारांतच राहिलें. २०२३ सालीं नवा कायदा झाला, त्यावर सही दुसऱ्या स्त्रीराष्ट्रपतींची. तोहि जनगणना व मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच लागू व्हावयाचा.

या दुसऱ्या स्त्रीराष्ट्रपति द्रौपदी मुर्मू. ओडिशांतील मयूरभंज जिल्ह्याच्या, संथाळ समाजाच्या. २५ जुलै २०२२ रोजीं त्यांनीं शपथ घेतली. ताईंच्या शपथेचीहि तारीख २५ जुलैच होती. आमच्या माडीवरच्या खोलींत त्या वर्षीं मेळघाटांतला एक विद्यार्थी राहत होता. त्याचे वडील धारणी तालुक्यांतल्या एका गांवीं शिक्षक, जातीनें कोरकू. ते त्या आठवड्यांत मुलास भेटावयास आले आणि जिना चढण्यापूर्वीं आमच्या बैठकींत आले. हातांत पेढ्यांचा पुडा होता. "सर, आपलं माणूस राष्ट्रपति झालं," असें ते म्हणाले.

आमच्या मनांत प्रथम जें आलें तें लिहितों. मयूरभंज कोठें, मेळघाट कोठें. संथाळ वेगळे, कोरकू वेगळे. मग 'आपलें' कसें? परंतु त्यांच्याजवळ उत्तर होतें. कोरकूंत दोनाला 'बारी' म्हणतात आणि संथाळींत 'बार'. दोन्ही भाषा मुंडा कुळांतल्या, एका रक्ताच्या बहिणी. चिखलदऱ्याच्या डोंगरांत बोलली जाणारी भाषा मराठीशीं किंवा हिंदीशीं नातें सांगत नाहीं, तें शेंकडों कोसांवरच्या संथाळांशीं सांगते, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं एका पाहुण्याच्या तोंडून कळली. अमरावती जिल्ह्यांत आमच्या चार पिढ्या गेल्या. मेळघाटांतल्या मुलांच्या कुपोषणाच्या बातम्या १९९३ पासून आम्ही वाचीत आलों, वाघ पाहावयास दोनदां जाऊन आलों. कोरकूंत दोनाला काय म्हणतात हें विचारण्याचें कधीं सुचलें नाहीं.

पेढा खाऊन झाल्यावर त्यांनीं कामाची गोष्ट काढली. गांवाजवळच्या नाल्यावर पूल नाहीं. पावसाळ्यांत मुलें शाळेस येऊं शकत नाहींत. "तुम्ही लेखक माणूस. मॅडमना एक पत्र लिहून द्याल का?"

चौऱ्याहत्तरावा अनुच्छेद आमच्या ओंठांपर्यंत आला. पूल बांधणें राष्ट्रपतींच्या हातांत नाहीं, हें सांगणें खरें व सोपें होतें. "तिकडून पूल होणार नाहीं, गुरुजी," असें आम्हीं सांगितलेंहि. ते म्हणाले, "तें मला माहीत आहे, सर. मी नागरिकशास्त्र शिकवितों. पण आमचं गांव आहे एवढं तरी त्यांना कळावं."

आम्हीं कागद घेतला. या वेळीं पत्र एका पानाचें झालें. मायना लिहूं लागलों तेव्हां त्यांनीं हात वर केला. पहिलें वाक्य कोरकूंत असावें, असा त्यांचा आग्रह होता. आम्हांस एक शब्दहि येत नव्हता. ते एकेक अक्षर सांगत गेले आणि आम्ही नागरींत लिहीत गेलों. दोन ठिकाणीं चुकलों, तीं त्यांनीं शिक्षकाच्या संवयीनें दुरुस्त केलीं. पाकीट घेऊन आम्ही दोघेहि पोस्टांत गेलों, तें रजिस्टर केलें आणि पावती त्यांनीं घडी घालून खिशांत ठेविली. दर्यापूरच्या बंधूंस यांतलें अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं. त्यांचीं चार पानें अजून खणांतच आहेत.