मुखत्यार नेमण्याची वेळ

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र पावले. लॉस एंजेलिसच्या चित्रपट-विद्यालयातले तुझे शिक्षण आता संपत आले आहे, सहाध्यायांपैकी जो तो एजंटाच्या शोधात आहे, आणि या धावपळीत आपण मागे राहू की काय अशी जी हुरहूर तुझ्या पत्राच्या ओळीओळीतून जाणवते, ती अस्वाभाविक आहे असे मी म्हणणार नाही. तथापि मुंबईतल्या निर्मात्या-दिग्दर्शकांचे करारनामे लिहिण्यात ज्याची सारी हयात गेली, त्या माझ्यासारख्या वकिलाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की एजंटाने बाजारात न्यावे असे तुझ्या पदरी आज काय आहे?

एजंट हा कुणाचा पगारी नोकर नव्हे. तुझ्या कामाचा जो मोबदला तो मिळवून देईल त्यातला दहावा हिस्सा ही त्याची कमाई, अशी तिकडची रूढ प्रथा. शिवाय कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्याला सरकारी परवाना घ्यावा लागतो आणि नोंदणीच्या नावाखाली कलावंताकडून आगाऊ पैसे उकळण्याची मनाई आहे. म्हणून जो कुणी तुझे नाव दप्तरी घालण्यासाठी फी मागेल, त्याच्या दारातूनच परत फिरावे. ज्या तरुणाच्या कामाला अद्याप कुणी किंमतच विचारलेली नाही, त्याच्या उत्पन्नाचा दशांश शून्यच येतो. न मागता आलेल्या संहिताही एजन्सी बहुधा न उघडताच परत करतात. यात अहंकाराचा अंश मुळीच नसतो असे नाही, पण मुख्य कारण ‘माझी कथा चोरली’ या दाव्याची धास्ती, आणि वकील या नात्याने ती धास्ती मला रास्त वाटते.

रॉबर्ट रॉड्रिग्जचा वृत्तांत तुमच्या वर्गात शिकवीत असतीलच. पण तो बहुधा केवळ काटकसरीचा महिमा म्हणून सांगतात, आणि त्यातला खरा मुद्दा निसटतो. टेक्ससच्या या तरुणाने सुमारे सात हजार डॉलरांत, आणि तेही काही अंशी औषधांच्या प्रयोगासाठी स्वतःचा देह संशोधकांच्या स्वाधीन करून मिळवलेल्या पैशांत, सीमेपलीकडच्या आकुन्या गावी ‘एल मारियाची’ हा चित्रपट काढला. आणि त्याच्या मनात हॉलिवूड नव्हते, तर स्पॅनिश भाषेतल्या व्हिडिओ-फितींची बाजारपेठ होती. त्या फितींच्या व्यापाऱ्यांशी सौदा ठरवण्याकरिता तो लॉस एंजेलिसला गेला असता, त्यांच्या उत्तराची वाट पाहता पाहता त्याने चित्रपटाची झलक असलेली फीत आयसीएम या एजन्सीत नेऊन दिली. ती रॉबर्ट न्यूमन या एजंटाच्या नजरेस आली, त्याने रॉड्रिग्जची मुखत्यारी पत्करली, कोलंबिया कंपनीशी करार झाला, आणि १९९३ च्या सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कारही त्याच चित्रपटाला मिळाला. ध्यानात घे, की तो एजंटाच्या दारी गेला तेव्हा त्याच्या हाती अभिलाषा नव्हती, पुरा झालेला चित्रपट होता. आणि एजंटाने नकार दिला असता तरी तो विकण्याची त्याची स्वतंत्र तजवीज चालूच होती.

तरीही ‘आधी काम कर, मग एजंट आपोआप येईल’ एवढेच सांगून मी थांबलो, तर तो अर्धवट सल्ला ठरेल. अनुकूल काळ येतो, पण तो फार अल्प असतो. सनडान्ससारख्या महोत्सवाची निवड सामान्यतः हिवाळ्याच्या आरंभी जाहीर होते आणि खेळ जानेवारीत होतात. मधल्या थोडक्या आठवड्यांत एजंट मंडळी ती यादी बारकाईने चाळीत असतात, आणि एजंट शोधण्याची योग्य वेळ कोणती असे मला एका शब्दात विचारशील तर मी हीच सांगेन. मात्र त्या भेटीत पहिला प्रश्न येतो तो ‘पुढे काय?’ हा. डेमियन शझेलने ‘व्हिप्लॅश’ची पूर्ण लांबीची संहिता आधीच लिहून ठेवली होती, तिच्यातला एक भाग लघुपट म्हणून चित्रित करून त्याने २०१३ साली सनडान्समध्ये पारितोषिक मिळवले, आणि पुढच्याच वर्षी पूर्ण चित्रपट त्याच महोत्सवात झळकला. ज्याच्यापाशी दुसरी संहिता नसते, त्याला लोक चहा पाजतात, स्तुती करतात आणि विसरतात.

एजंटाबरोबर तिकडे मॅनेजरचेही नाव निघते, पण तो निराळा इसम. तो सल्ला देतो, संहिता वाचतो, ओळखी करून देतो, आणि नवख्याला एजंटापेक्षा पुष्कळदा लवकर जवळ करतो. परंतु परवान्यावाचून काम मिळवून देण्याचा व्यवहार करण्यास त्याला तिथल्या कायद्याने मज्जाव आहे. वकिलाची गरज मात्र पहिला कागद पुढे येईल त्याच दिवशी लागते. हे मी स्वजातीच्या अभिमानाने म्हणतो असे वाटल्यास वाटो.

एजंट मिळाला म्हणजे आपले हित निर्वेध झाले, हा तुझ्या पत्रातला समज मला अधिक चिंतेचा वाटला. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या हजारो पटकथालेखकांनी आपल्या संघटनेच्या आदेशावरून एजंटांना एकाच वेळी रजा दिली. तक्रार अशी होती की मोठ्या एजन्सी लेखक, दिग्दर्शक आणि नट यांची मोट बांधून स्टुडिओकडूनच परस्पर रक्कम घेत. मग लेखकाचा मोबदला वाढवण्यात त्यांना स्वारस्य ते काय उरणार? तो कलह २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला आणि अखेर एजन्सींना ही पद्धत मुदतीने बंद करण्याचे मान्य करावे लागले. लेखकांची बाजू न्यायाची होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

इकडे परतण्याचा विचार असेल तर एजंटाचा प्रश्न आणखी लांबणीवर टाकण्यास हरकत नाही. मुंबईतही आता लेखक-दिग्दर्शकांची मुखत्यारी करणाऱ्या संस्था आहेत. पण ‘पिस्तुल्या’ या लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून मग ‘फँड्री’कडे वळलेले नागराज मंजुळे, किंवा ह्युबर्ट बाल्स निधीचे साहाय्य आणि विवेक गोंबर यांच्यासारखा निर्माता लाभल्यावर ‘कोर्ट’ घेऊन २०१४ साली व्हेनिसला गेलेले चैतन्य ताम्हाणे, यांची वाट कामाच्या पाठोपाठ मोकळी होत गेली. गोव्यात २००७ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार भरतो. तिथल्या पटकथालेखकांच्या कार्यशाळेस अर्ज करायला कुणाची शिफारस लागत नाही. संहिता मात्र अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवल्यावाचून कुणाच्या हाती देऊ नकोस. आणि २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला जो रॉयल्टीचा वाटा मिळाला आहे, तो सोडून देण्याचे कलम कुणी करारात घातले तरी ते कायद्यापुढे टिकत नाही, हेही लक्षात असू दे.

तूर्त पदवीचा चित्रपट पुरा कर आणि दुसरी संहिता लिहावयास बस. मध्यंतरी कुणी एजंटाने मसुदा पुढे केलाच, तर मुदत किती, करार मोडण्याचा हक्क कुणाला, आणि संबंध तुटल्यावरही हिस्सा किती काळ द्यावा लागेल, ही तीन कलमे आधी वाच आणि सहीपूर्वी संपूर्ण प्रत मला पाठव.

तुझा मामा