रिटर्न कुणाकडून भरावं?

वसमत,
२७ जुलै २०२५

चि. भाऊ,


तुझं पत्र पोचलं. शाळेतले बहुतेक गुरुजी ज्याच्याकडून रिटर्न भरून घेतात, त्याच्याकडेच तूही द्यावंस का, की नांदेडच्या सीएकडे जावंस, की रात्री मोबाइल घेऊन स्वतःच भरावंस, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं, पण त्यात आकडे आहेत, आणि आकडे कागदावर असलेले बरे.

आधी त्या पहिल्या माणसाविषयी. कापलेला सगळा टीडीएस परत आणून देतो आणि आलेल्या रिफंडात हिस्सा घेतो, असं तू लिहिलंस. भाऊ, त्याच्या दारात पाऊल टाकू नकोस. ज्याची कमाई तुझ्या रिफंडावर ठरते, तो रिफंड फुगवणारच. न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, सगळं तो तुझ्या नावावर दाखवील. याच १४ जुलैला आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, ती अशाच मध्यस्थांची. यात महाराष्ट्रातलीही प्रकरणं आहेत. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. हे मध्यस्थ रिटर्न भरण्यापुरते नवे ईमेल आयडी काढतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे नोटीस आली तरी मास्तरांना पत्ताच लागत नाही. पुढे चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो, आणि तो भरायचा तुलाच, कारण रिटर्नवर पॅन तुझा असतो. सीएला तर निकालाच्या टक्केवारीवर फी घ्यायला, काही ठरावीक अपवाद सोडले तर, त्यांच्या कायद्यानंच मनाई आहे. कुणी टक्क्याची भाषा केली की तिथून उठून यायचं.

आता स्वतः भरण्याचं. नुसता पगार आणि बँकेचं व्याज असतं, तर मी म्हटलं असतं, कुणाला एक रुपया देऊ नकोस. फॉर्म १६ आणि आयकर पोर्टलवरचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण) शेजारी ठेवून आकडे जुळवायचे, आधीच भरून आलेला आयटीआर-१ तपासायचा आणि आधारच्या ओटीपीनं तीस दिवसांत पडताळणी करायची. एवढ्यासाठी तुझ्यासारख्या गणित शिकवणाऱ्यानं कुणाकडे हात पसरावा, हे मला पटत नाही.

पण तुझं हे वर्ष साधं नाही. दोन गोष्टी आल्यात.

एक म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणीचा फरक. मागच्या वर्षांचे पैसे एकदम हातात आले, म्हणून कर वाढला. त्यात सवलत मिळते, पण रिटर्नच्या आधी फॉर्म १०-ई भरलेला असला तरच. तो राहिला तर सवलत नाकारली जाते. आणि त्यासाठी कोणत्या वर्षाचा किती फरक, हे फोडून लागतं. पंचायत समितीतून ती विगतवारी लेखी घे.

दुसरी हळद. सातबारा तुझ्या नावावर झाल्यापासून मार्केट यार्डात विक्रीची पट्टी तुझ्या नावानं निघते. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून ते दाखवायचंच नाही, अशी आपल्याकडे सरसकट समजूत आहे. कर नाही हे खरं. शिजवून, वाळवून, पॉलिश करून विकली तरी ती शेतीचीच. (दुसऱ्याची घेऊन साठवून विकलीस तर मात्र तो व्यापार.) पण शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. शिवाय पगारावरचा दर ठरवताना ते मोजलं जातं. समज, तुझं पगाराचं करपात्र उत्पन्न ८ लाख, आणि बेणं, खत, मजुरी, शिजवणी वजा जाता हळदीचे २ लाख. नव्या पद्धतीत नुसत्या ८ लाखांवर कर येतो ३० हजार. खरा हिशेब असा: १० लाखांवर ५० हजार, त्यातून हळदीचे २ आणि करमुक्त ३ मिळून ५ लाखांवरचे १० हजार वजा. राहिले ४० हजार, सेस वेगळा. तुझ्या कार्यालयाला हळद ठाऊक नाही, त्यांनी नुसता पगार धरूनच कापलं. वरचे दहा हजार आपणच भरायचे.

म्हणून या वर्षी सीएकडेच जा. फी आधी ठरव, पावती माग. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल तुझाच ठेव, पासवर्ड तू टाक. आणि कागद ठेवून निघून येऊ नकोस. शेजारी बसून प्रत्येक रकाना कसा भरला ते विचार. जो विचारू देत नाही, तो सीए असला तरी आपल्या कामाचा नाही. जुनी पद्धत फायद्याची की नवी, हे दोन्ही आकडे काढून दाखवायला सांग. पुढच्या वर्षी फरक नसेल, तेव्हा तू एकटा भरशील अशी माझी खात्री आहे.

मुदत या वेळी १५ सप्टेंबर आहे, पण शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस. श्रावणी सोमवारी औंढ्याला येणारच आहेस, तर पुढे वसमतला ये. आडत्याच्या पट्ट्या माझ्या कपाटात आहेत, खताच्या पावत्या तुझ्याकडे असतील त्या घेऊन ये. मजुरीची वही आईनं लिहिलीय, तिच्याजवळ बसून बेरीज करू आणि मंगळवारी नांदेडला जाऊ.

तुझी,
ताई